पाटावरचं तिसरं चीज

काखेत कापूस गुंडाळलेली काडी फिरवायची, डबीत बंद करून पाठवून द्यायची आणि महिनाभराने त्यातून खायला काय येतं याची वाट बघत बसायचं, याला प्रेम म्हणतात हे मला निनादने सांगितलं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बुरशी, जंत, पू, लाळ यांवर मी डबा खाता खाता बोलू शकते. पण ज्याचा तास घ्यायचा त्याचं जेवण करायचं नसतं एवढी अक्कल मला होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "शी!"

निनाद हसला. "शी काय, कस्तुरी? दह्यात नसतात का जंतू?"

"दह्यातले वेगळे. ते काही कुणाच्या अंगावरून येत नाहीत."

"तुला काय माहीत, कुठून येतात ते?"

हे तो उगाच बोलून गेला होता. पण त्या दिवसांत तो जे जे बोलला त्यात एवढंच वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर निघालं.

निनाद दाबके आर्किटेक्ट. आमच्या कॉलेजची नवी प्रयोगशाळा बांधायचं काम त्याच्याकडे होतं. बेसिन कुठे हवं हे शिकवणाऱ्या बाईला विचारायला आलेला तो मी पाहिलेला पहिला आर्किटेक्ट. तेवढ्यावर मी अर्धी विरघळले. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याचा घटस्फोट होऊनही बरीच झाली होती. नाशिकसारख्या गावात चाळिशीतल्या दोन माणसांनी चार वेळा एकत्र कॉफी प्यायली की लोकच तारीख विचारायला लागतात. आम्हीही लग्नाचं बोलायला लागलो. मला तो मनापासून हवा होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना मी पहिल्यापासून नाक वर करून बसले होते असं वाटेल.

आता या किळसवाण्या प्रकाराविषयी. यातलं विज्ञान खोटं नाही, म्हणून तर ते एवढं पसरलं. आपल्या कातडीवर जंतूंची दाट वस्ती असते. पायाच्या बोटांच्या बेचक्यात राहणारे काही जंतू मेलेली कातडी खातात आणि गंधकाचा एक वायू सोडतात. दिवसभर घातलेल्या मोज्यांचा वास तो हाच. काही उग्र परदेशी चीजच्या सालीवर त्यांचेच सख्खे भाऊबंद राहतात आणि तोच वायू सोडतात. म्हणजे चीजला मोज्यांचा वास येतो असं म्हणणं चूक आहे, दोघांनाही एकाच बिऱ्हाडकरूचा वास येतो. माणसाच्या अंगावरून असे जंतू उचलले, त्यातले दूध आंबवणारे निवडले आणि दुधात सोडले की दूध घट्ट होतं. पाणी गाळायचं, दाबायचं, मुरत ठेवायचं. झालं माणसाचं चीज. पूर्वी काही कलाकार असलं करून प्रदर्शनात मांडायचे आणि लोक नाकाला रुमाल लावून बघून जायचे. तिथेच ते राहायला हवं होतं.

पण पुढे एका संशोधनात दिसलं की ज्या जोडप्यांच्या अंगावरचे जंतू एकमेकांत नीट नांदतात, त्यांना पोटाची आणि कातडीची दुखणी जरा कमी होतात. जरा म्हणजे अगदी जरा. तेवढ्या 'जरा'वर एका कंपनीने धंदा उभारला. दोघांचे नमुने घ्यायचे आणि तीन चीज करायची: एक त्याचं, एक तिचं, आणि तिसरं दोघांचे जंतू एकाच दुधात सोडून केलेलं. दूध छान घट्ट झालं तर जुळलं. एकाच्या जंतूंनी दुसऱ्याचे मारले, दूध फाटलं, कडवट पाणी सुटलं, तर नाही जुळलं. वर शंभरपैकी आकडा. ज्या शिकलेल्या माणसांना पत्रिका बघायची लाज वाटत होती ती माणसं आता दूध बघायला लागली.

कंपनीने या सगळ्याला नाव दिलं होतं 'पाट'. सागाची छोटी फळी, चार कोपऱ्यांना पितळी फुलं, त्यावर तीन चीज मांडायची, सोबत द्राक्षं, अक्रोड, मध. दोघांनी घरीच, मंद दिव्यात, एकमेकांना भरवायची. जाहिरातीत मुलगी डोळे मिटून मुलाची काख खाते आणि मागे सतार वाजते.

त्या नावावर पहिल्यांदा हसली ती निनादची आई. माई पंचाहत्तरीच्या, हसल्या की पदर तोंडाला लावणाऱ्या. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा निनादने त्यांना सगळा बेत सांगितला.

"पाट लावताय म्हणे तुम्ही?" माई मला म्हणाल्या. "अगं, आमच्या गावाकडे विधवेचं दुसरं लग्न झालं की पाट लावला म्हणत. या कंपनीवाल्यांना ठाऊक तरी आहे का?"

"आई, पाट म्हणजे बसायचा पाट," निनाद म्हणाला.

"मग त्यावर बसावं. खायचं कशाला मांडताय?"

मला माई तिथेच आवडल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात स्टीलची झाकणाची वाटी ठेवली. "आमच्या घरचं विरजण आहे. माझ्या सासूबाईंपासून चालत आलंय, कधी मोडू दिलं नाही. तुझ्या घरी लावून बघ. पण चमच्याने नको हो, बोटाने ढवळ. चमच्याने लावलेलं दही दही होत नाही."

मी ते लावलं. रोज लावत राहिले. दही सुरेख लागायचं, सुरीने कापावं असं.

मी वसई-डहाणूच्या पट्ट्यातल्या मासेमार घरातली मेहेर. आमच्या घरात सुकट-बोंबील नसलेला दिवस म्हणजे आजारपण. निनाद शाकाहारी, अंडंही नाही. तो यायचा त्या दिवशी मी सुक्या बोंबलांची बरणी दोन झाकणं लावून बाल्कनीत ठेवायची. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. एकदा तो दारातून आत येताना नुसता थबकला होता आणि मग खिडकी उघडायला गेला होता. मला समजलं. प्रेमात माणूस एवढं करतोच, म्हणून मी केलं.

काखेचंही तसंच केलं. काडी फिरवताना आरशात बघवेना. पायाच्या बेचक्यातून फिरवली, बेंबीतून फिरवली, डबी बंद केली आणि हात कोपरापर्यंत धुतले.

महिनाभराने पेटी आली. त्यात दोनच चीज होती. तिसऱ्याच्या जागी एक कागदी फूल आणि "अहवाल पाहावा" असं लिहिलेलं. निनाद तेव्हा माझ्याच घरी होता. मी अहवालाआधी चीजकडे बघितलं. दोन्ही नारिंगी सालीची, जरा चिकट. खोलीभर ओल्या मोज्यांचा वास सुटला. निनादने स्वतःचं उचललं, नाकाशी धरलं आणि कौतुकाने म्हणाला, "काय भारदस्त वास आहे!"

आपला तो बाब्या म्हणतात तो असा.

"भरव ना मला," मी म्हणाले. कुणाला वाटेल मी शूर आहे. मी श्वास कोंडून धरला होता. त्याने तुकडा माझ्या जिभेवर ठेवला. खारट, मऊ, मागून बंद कपाटातल्या बुटांची चव. घशात आलेलं मी परत खाली ढकललं आणि त्याच्याकडे बघून हसले. त्याचा चेहरा इतका खूश झाला होता की मला खरंच वाटलं, चला, झालं, हेही जमलं.

"आता माझं खा," मी म्हणाले.

"तिसरं आलं की. तिन्ही एकत्र खायची असतात," तो म्हणाला आणि फोनवर अहवाल उघडला.

एकतीस.

त्याने फोन उपडा ठेवला, परत सरळ केला. मी माझं चीज गुंडाळून फ्रीजच्या तळाशी ठेवून दिलं.

त्यावर बोललो ते रविवारी, मिसळ खाताना. हॉटेल भरलेलं, रश्श्याचा ठसका, आजूबाजूला तर्री मागणारी माणसं. निनादने दही मिसळ मागवली आणि खालच्या आवाजात सुरू केलं.

"घाबरून जाऊ नकोस. नमुना परत पाठवता येतो. घेताना चूक झाली असेल."

"मी घाबरलेले नाही. दाखव तो अहवाल."

मी वाचला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'आहार-गट: किनारी. वाळवलेले मासे, तीन पिढ्यांहून अधिक.' त्याच्या नावापुढे: 'शाकाहारी, दूध-तूप, तीन पिढ्यांहून अधिक.' खाली, फक्त त्याच्यासाठी, 'आपल्या गटातील जुळणारी स्थळे', आणि सहा हसऱ्या बायकांचे फोटो. त्यातला एक मोठा करून बघितलेला होता.

नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या रश्श्याच्या नव्हत्या.

"निनाद, हे काय मोजतायत समजतंय का तुला?" मी म्हणाले. "कातडीवर कोण राहणार हे तुम्ही काय खाता, कुणाबरोबर राहता, कुणाचं पाणी पिता यावर ठरतं. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच लग्नं केली की आपापल्यातलेच जंतू राहतात. जे विचारायची लाज वाटते ते आता दुधाकडून विचारून घेतायत."

"तू प्रत्येक गोष्टीत तेच कशाला आणतेस? मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहितीये. हे आरोग्याचं आहे."

"आरोग्याचंच बोलते. माणसं एका घरात राहिली, एका भांड्यातलं खाल्लं की थोड्या महिन्यांत जंतू आपोआप मिसळतात. हे बारावीच्या पुस्तकात आहे. लग्न झाल्यावर जे होणारच आहे ते लग्नाआधी झालंय का असं विचारतायत ते!"

तो मिसळीत पाव बुडवत राहिला. मग म्हणाला, "एकदा परत पाठवू. माझ्या मनाच्या समाधानासाठी. प्लीज."

माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. तो वाईट नव्हता. त्याला माझ्याशी लग्न करायचं होतं, फक्त दुधाची परवानगी घेऊन. मला त्याची किळस आली नाही अजून, पण पहिल्यांदाच मी त्याच्या ताटातला उरलेला पाव उचलला नाही.

नव्या काड्या घरी आल्या. बाथरूममध्ये मी काडी हातात धरून उभी राहिले आणि मला ते जमेना. आधी लाज वाटली होती, आता अपमान वाटत होता. कुणा बाईला हळद-कुंकू लावायच्या आधी हात धुऊन घे म्हणावं तसं. मी तणतणत स्वयंपाकघरात आले, पाणी प्यायला फ्रीज उघडला. समोर दह्याचं भांडं होतं.

मी काड्या त्यात बुडवल्या. तिन्ही. काखेची, बेचक्याची आणि बेंबीची. जुळवा म्हणावं आता त्याला म्हशीशी! आकडा येईल शून्य, मग मी त्याला खरं सांगीन, तो कपाळावर हात मारेल, आम्ही दोघं पोट धरून हसू आणि हे खूळ संपेल. माझा बेत इतका साधा होता.

आकडा आला चौऱ्याण्णव.

निनादचा फोन आला तेव्हा मी तासावर होते. तो रडत होता, खरंच रडत होता. "मी म्हणालो नव्हतो? चूकच झाली होती नमुन्यात! कस्तुरी, शनिवारी संध्याकाळी. तुझ्याकडे. पाट तू मांड, मी फुलं आणतो."

मी अहवाल उघडला. माझ्या नावापुढचे बोंबील गेले होते. 'शाकाहारी, दूध-तूप, तीन पिढ्यांहून अधिक.' आणि खाली: 'दोघांचे घरगुती मूळ एकच असावे इतके साम्य. अभिनंदन.'

घरगुती मूळ एकच. मी दोनदा वाचलं. दही म्हशीच्या दुधाचं, पण विरजण कुणाचं? माईंचं. बोटाने ढवळलेलं, आयुष्यभर रोज त्याच बोटाने, त्याआधी त्यांच्या सासूच्या बोटाने. दही लावणाऱ्या हातावरचे जंतू विरजणात उतरतात, विरजणातले हातावर चढतात. मी आपल्या तोंडाने सांगत होते की दह्यातले जंतू कुणाच्या अंगावरून येत नाहीत! त्याच दह्यावर निनाद लहानाचा मोठा झालेला. माझंही बोट त्यात महिनाभर जात होतं, पण सासू-सुनांच्या दोन पिढ्यांपुढे माझ्या महिन्याला कोण विचारतो? कंपनीने निनादचं त्याच्या आईशी जुळवलं होतं. चौऱ्याण्णव टक्के.

मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. मग तिसऱ्यांदा वाचलं आणि हसू थांबलं.

शनिवारी मी नव्या पेटीतलं सगळं नीट मांडलं. नीट मांडायचं असं ठरवलंच होतं. चीज तासभर आधी बाहेर काढावं असं माहितीपत्रकात होतं, म्हणजे वास मोकळा होतो. झाला. डावीकडे त्याचं, मध्ये 'माझं', उजवीकडे दोघांचं. मधे मधे काळी द्राक्षं, अक्रोड, सुकं अंजीर, वाटीत मध, ज्वारीच्या कडक पापड्या उभ्या रचलेल्या. ते दिसत छान होतं, ते नाकारत नाही. मी जांभळी साडी नेसले. दिवा मंद केला. हसला तर याच्याशी लग्न करायचं, मी मनाशी म्हटलं. सगळं ऐकून तो हसला, तर बाकीचं सगळं माफ. मला आतून फार फार वाटत होतं की त्याने हसावं.

तो निशिगंध घेऊन आला. दारात थबकला नाही, कारण बरणी बाल्कनीत होती. आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो. आधी त्याने स्वतःचं खाल्लं, नेहमीच्या कौतुकाने. मग मधल्या चीजचा तुकडा घेतला, पापडीवर ठेवला, वर मधाचा थेंब. डोळे मिटून चावला.

आणि विरघळला. खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. "कस्तुरी," तो हळूच म्हणाला, "कसं सांगू तुला? हे इतकं ओळखीचं आहे. जन्मभर ही चव शोधत होतो असं वाटतंय. हे तूच आहेस. डोळे बांधले तरी ओळखीन मी तुला."

त्याने वाकून माझ्या मानेशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला. माझ्या अंगावर काटा आला, तो प्रेमाचा नव्हता. त्याच्या ओठांना त्याच्या आईचं दही लागलेलं होतं आणि तो मला शोधत होता. मी त्याला दोन्ही हातांनी मागे सारलं.

"निनाद, थांब. ती मी नाही. त्या माई आहेत."

"काय?"

मी सगळं सांगितलं. काड्या, दह्याचं भांडं, विरजण, बोट. सांगताना मीच हसत होते, त्याला हसायला वाट करून देत होते. "विचार कर ना, कंपनीने तुझं तुझ्या आईशी लग्न जमवलंय आणि वर अभिनंदन केलंय!"

तो हसला नाही. उठला, स्वयंपाकघरात गेला, बेसिनमध्ये थुंकला, चूळ भरली. परत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तरी चाललं असतं, फसवलंच होतं मी त्याला.

पण तो म्हणाला, "म्हणजे खरा आकडा एकतीसच."

एवढ्या सगळ्यातून त्याने तेवढंच उचललं होतं. मी फ्रीजपाशी गेले, तळाशी ठेवलेली पुडी काढली आणि पाटावर, तीन चीजच्या पुढे, ठेवली. नारिंगी साल आता जरा तपकिरी झाली होती. वास होता. त्याच्या चीजला होता तसाच.

"हे माझं," मी म्हणाले. "खरं. आकडा बाजूला ठेव. एक घास खा."

तो बसला. त्याने प्रयत्न केला हे सांगितलंच पाहिजे. पापडी घेतली, चिमूटभर तुकडा ठेवला, मध चांगला ओतला. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. पापडी तोंडापर्यंत आली, नाकाशी आली, आणि त्याचं तोंड आपसूक वाकडं झालं.

"शी," तो म्हणाला.

फार मोठ्याने नाही. मीही पहिल्या दिवशी असंच म्हणाले होते. पण मी ते सगळ्या माणसांच्या काखांना म्हणाले होते.

"अगं, तसं नाही," तो घाईघाईने म्हणाला, "वासच इतका..."

"तुझ्या चीजला काय म्हणाला होतास? भारदस्त." मी म्हणाले. "मी तुझं खाल्लं होतं, निनाद. मला ओकारी येत होती. तरी खाल्लं होतं."

"ते तुझं तू ठरवलंस. मी जबरदस्ती केली होती का?"

हे ऐकलं आणि माझं सगळं प्रेम एका क्षणात नासलं. हळूहळू वगैरे नाही. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं, डोळ्यांदेखत. मला त्याची किळस आली. त्याच्या स्वच्छ नखांची, इस्त्रीच्या सदऱ्याची, खिडकी उघडायला जाणाऱ्या त्या पावलांची. पूर्वी मला ती पावलं नाजूक वाटायची.

मी उजवीकडचं तिसरं चीज कागदात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. "घेऊन जा. घरचंच आहे."

तो दारात क्षणभर उभा राहिला. "कस्तुरी, पुन्हा एकदा नमुना..." म्हणाला. मी दार लावलं. उत्साहावर विरजण पडणं म्हणतात, पण इतकं नेमकं ते कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

द्राक्षं खात मी जमिनीवरच बसून होते तेव्हा माईंचा फोन आला. आवाजात लगबग होती. "झाला का गं तुमचा पाट? निनाद सांगत होता, जुळलं म्हणून. आणि विरजण लागतंय ना नीट?"

"विरजण छान लागतंय, माई. पाट नाही लागायचा."

मला वाटलं, कारण विचारतील. त्या म्हणाल्या, "नाक मुरडलं ना त्याने?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शाळेत दुसऱ्याच्या डब्यातलं कधी खाल्लं नाही त्याने. घरी येऊन सांगायचा, आई, मी कुणाचं काही घेतलं नाही." त्यांनी श्वास घेतला. "मला कौतुक वाटायचं गं. मी सगळ्यांना सांगायची."

मला रडू आलं, ते तेव्हा. माईंनाही आलं असावं. "तुमची वाटी आणून देते," मी म्हणाले.

"वाटी आण हवं तर. विरजण ठेव. दिलेलं विरजण परत घ्यायचं नसतं."

फोन ठेवला. पाटावर माझं चीज तसंच होतं. मी बोटभर तुकडा मोडून तोंडात टाकला. खोटं कशाला सांगू, भयंकर होतं. उग्र, खारट, घशाला ओढणारं. मला किळस आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी गिळलं. त्याचं गिळलं होतं, मग माझं का नाही?

मग उठले, खिडक्या लावल्या आणि बाल्कनीतून बोंबलांची बरणी आत आणली.